प्रकाशाची तीव्रता, बाथरूमच्या टाइल्स आणि नववीच्या वहीतले ‘चल’

गॅलरीतली तुळस

मंडळी, थोडं लांबण लावणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

लेक यंदा नववीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी तिने स्वतःहून विषय निवडला: दिव्यापासून लांब गेलं की उजेड नेमका किती कमी होतो? लॅमिंग्टन रोडला जाऊन आम्ही एक एलडीआर (उजेड ओळखणारा छोटा इलेक्ट्रॉनिक भाग) आणि साधा मल्टिमीटर आणला. ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब घरात होता. एलडीआरवर उजेड जास्त पडला की त्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कमी होतो, उजेड कमी झाला की वाढतो, एवढं तिला पुस्तकातून माहीत होतं.

आम्ही करी रोडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. खिडकी थेट रुळांवर उघडते. रात्री दिवे घालवले तरी लोकल गेली की भिंतीवरून उजेडाचे चौकोन धावतात आणि मीटरवरचा आकडा नाचायला लागतो. म्हणून बाथरूम गाठलं. फरशी कोरडी करून पाटावर बल्ब ठेवला, शिवणकामाची टेप जमिनीला चिकटवली आणि दार लावून घेतलं.

आकडे असे आले. २५ सेंमीवर १.१ किलोओहम, ५० वर २.६, १०० वर ५.३.

अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथाई होते, म्हणजे रोध चौपट व्हायला हवा असं तिला वाटत होतं. तो झाला आधी सुमारे २.४ पट आणि मग जेमतेम २ पट. तरी तिने जे दिसलं तेच वहीत उतरवलं. स्वतंत्र चल (आपण बदलतो ते): अंतर. अवलंबी चल (त्यामुळे बदलतं ते): एलडीआरचा रोध. नियंत्रित चल (तसंच ठेवतो ते): बल्ब, खोली, एलडीआर.

सरांकडून वही परत आली तेव्हा ‘एलडीआरचा रोध’ लाल पेनाने खोडून वर ‘प्रकाशाची तीव्रता’ लिहिलं होतं, आणि खाली शेरा: निरीक्षणे चुकली, पुन्हा घ्यावीत. ती रडली. म्हणाली, “आई, मीटरने रोधच दाखवला ना? मग मी तीव्रता कशी लिहू? आणि आकडे चुकले म्हणजे काय, मी तीन-तीनदा घेतलेत.”

मी कॉमर्सची, मला काय उत्तर द्यावं कळेना. इथे जाणकार आहेत म्हणून विचारते. अवलंबी चल कोणतं? आणि आकडे असे का आले?

चिवट चिमणी

आधी लेकीला शाबासकी सांगा. आलेले आकडे पुस्तकाशी जुळत नसताना तसेच ठेवणं सोपं नसतं. आमच्या वेळी जर्नलमध्ये उत्तर आधी आणि निरीक्षणं मागाहून लिहायची पद्धत होती.

तुम्ही बल्ब घेतला ते बरं केलं. माझ्या भावाने हाच प्रयोग ट्यूबलाइटवर केला होता आणि फसला होता. चार फुटी नळीच्या जवळ उभं राहिलं तर अंतर दुप्पट झाल्यावर उजेड चौथाई होत नाही, साधारण निम्मा होतो. चौथाईचा हिशोब ठिपक्यासारख्या लहान दिव्याचा आहे.

निवृत्त खडू

तुळसताई, तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, म्हणून हक्काने लिहितो.

तुमची लेक बरोबर आहे आणि सरांनी लिहिलेलंही अगदीच चूक नाही. सर उत्तर देतायत ते ‘प्रयोग कशाबद्दल आहे’ याचं. ती उत्तर देतेय ते ‘मी काय मोजलं’ याचं. वहीत दोन्ही हवं. प्रश्नातलं अवलंबी चल म्हणजे तीव्रता, प्रत्यक्ष मोजलेलं अवलंबी चल म्हणजे रोध. या दोघांमध्ये एक पूल लागतो, म्हणजे अमुक रोध असेल तेव्हा तीव्रता तमुक असते हे कळण्याची सोय. हा पूल तिने बांधला नाही आणि सरांनीही विचारला नाही. रोध खोडून तीव्रता लिहिल्याने पूल बांधला जात नाही, तो आहे असं फक्त गृहीत धरलं जातं. मी सरांच्या जागी असतो तर रोध तसाच ठेवून शेजारी बाण काढला असता, ‘यावरून तीव्रता कशी काढशील?’

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेच्या तयारीला मुलं माझ्याकडे येतात. चल ओळखा म्हटलं की रकाने भरतात. नियंत्रित चलांत ‘बल्ब, खोली, उपकरण’ असं लिहितात. पण बल्ब हे चल नव्हे, ती वस्तू आहे. चल म्हणजे त्या वस्तूचं बदलू शकणारं काहीतरी: बल्बला मिळणारा विजेचा दाब (व्होल्टेज), काचेवरची धूळ, तो किती वेळ पेटलेला आहे, एलडीआरचं तोंड कोणत्या दिशेला आहे. खोलीचं चल कोणतं? भिंतींवरून परत येणारा उजेड.

ताई, तुमच्या बाथरूमच्या टाइल्स कोणत्या रंगाच्या आहेत?

गॅलरीतली तुळस

पांढऱ्या. छतापर्यंत. 🙁

निवृत्त खडू

मग रडायचं काही कारण नाही. तिला आजच एक गोष्ट करायला सांगा. एलडीआर १०० सेंमीवर ठेवायचा. बल्ब आणि एलडीआर यांच्या मधोमध, सरळ रेषेत, पोस्टकार्डाएवढा काळा पुठ्ठा उभा धरायचा. एलडीआरवर त्याची सावली पडली पाहिजे, पण बाकी खोली उजळलेलीच राहिली पाहिजे. बल्बचा थेट उजेड अडला, आता जो आकडा दिसेल तो भिंतींचा. ‘खोली स्थिर होती’ ही समजूत खरी की खोटी, एका पुठ्ठ्यात कळेल.

सोल्डर गन

इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे, त्यामुळे एलडीआरच्या बाजूने बोलतो.

पहिलं म्हणजे एलडीआरचा रोध तीव्रतेच्या सरळ व्यस्त प्रमाणात नसतो. कॅडमियम सल्फाइडच्या साध्या एलडीआरमध्ये तीव्रता चौपट झाली तर रोध चौथाई होत नाही, साधारण २.६ ते ३ पटीने कमी होतो. गणितात सांगायचं तर रोध हा तीव्रतेच्या ०.७ ते ०.८ घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो, आणि हा घात प्रत्येक नगाचा वेगळा. म्हणजे अंतर दुप्पट केल्यावर रोध चौपट होईल ही अपेक्षाच चुकीची होती. २.६ च्या आसपास यायला हवा होता. २.४ आला, म्हणजे पहिल्या टप्प्यात ती जवळपास बरोबर होती! दुसऱ्या टप्प्यातला २ मात्र खटकतो, तिथे खडूसरांच्या टाइल्स असणार. जवळ असताना थेट उजेड इतका जास्त असतो की भिंतींचा जाणवत नाही. लांब गेलं की थेट उजेड घटतो, भिंतींचा मात्र फारसा घटत नाही.

दुसरं, एलडीआरला आठवण असते. भर उजेडातून अंधारात नेला की आकडा लगेच स्थिरावत नाही, कितीतरी सेकंद वर सरकत राहतो. त्यामुळे ‘आकडा कधी वाचला’ हेही चल आहे. दर वेळी मोबाइलवर ३० सेकंद लावा आणि मगच वाचा. २५ पासून १०० पर्यंत गेलात तर परत १०० पासून २५ पर्यंत या. जाताना आणि येताना आकडे वेगळे आले तर घाई झाली समजा.

तिसरं, पिवळ्या बल्बचा उजेड दाबाच्या साधारण ३.४ घाताने बदलतो. घरात २३० व्होल्टच्या जागी ५ टक्के कमी आला तर उजेड १६ टक्के घटतो. डोळ्याला कळत नाही, एलडीआरला कळतं. प्रयोग चालू असताना फ्रिजचं बटण बंद ठेवा, इस्त्री-गीझर लावू नका. आणि बल्ब पेटवल्यावर पाच-दहा मिनिटं जाऊ द्या.

लाटांवरून

टेपचा शून्य कुठे धरला होता? काचेपाशी की आतल्या तारेपाशी? ६० वॅटच्या बल्बमध्ये तार काचेपासून जवळजवळ ३ सेंमी आत असते. काचेपासून २५ मोजलं तर खरं अंतर २८, म्हणजे पहिलाच आकडा सुमारे २० टक्के कमी उजेडाचा. तीच चूक १०० सेंमीला केली तर फरक ६ टक्क्यांच्या आत. चूक तेवढीच, पण जवळच्या आकड्याला जास्त चावते. स्वतंत्र चल म्हणून नुसतं ‘अंतर’ लिहिलं तर सर विचारतील, कुठपासून कुठपर्यंत?

गॅलरीतली तुळस

@लाटांवरून, विचारलं तिला. तारेच्या बरोबर खाली पाटावर पेन्सिलने खूण केली होती, तिथपासून मोजलं. ती खूश झाली, कुणीतरी हे विचारलं म्हणून.

@सोल्डर गन, मग मी तिला सांगू का, की ०.७ चं सूत्र वापर आणि रोधावरून तीव्रता काढ?

सोल्डर गन

तसं करता येईल, पण तिच्या नगाचा घात आधी काढावा लागेल. सोपा उपाय सांगतो. बल्ब वेगवेगळ्या अंतरांवर ठेवून, चौथाईच्या नियमाने तीव्रता किती हे काढायचं, आणि त्यावरून

निवृत्त खडू

थांबा थांबा, सोल्डरभाऊ! नियम बरोबर आहे की नाही हेच ती तपासतेय ना? तोच नियम वापरून उपकरण जुळवलं तर उत्तर बरोबरच येणार. हा साप स्वतःची शेपटी गिळतोय.

सोल्डर गन

पटलं सर. चुकलो. अर्धवट लिहिलेलं तसंच राहू देतो, दुसऱ्या कुणाच्या कामी येईल.

निवृत्त खडू

यावर जुना आणि सुंदर उपाय आहे. अंतराला हात न लावता तीव्रता बदलायची. कशी? दिव्यांची संख्या वाढवून! सारखेच चार बल्ब घ्यायचे. एलडीआरपासून सगळे नेमके ५० सेंमीवर, दोऱ्याने जमिनीवर कमान आखून त्या कमानीवर. एक पेटवला की एक पट उजेड, चार पेटवले की चौपट. यात कुठलाच नियम गृहीत धरलेला नाही, फक्त उजेडाची बेरीज होते एवढंच. पण आधी प्रत्येक बल्ब एकेकटा लावून आकडा घ्यायचा. चारही सारखे आहेत हे मानून चालायचं नाही, पाहायचं.

मग प्रश्न एवढाच उरतो. एक बल्ब २५ वर ठेवला तर येणारा रोध, आणि चार बल्ब ५० वर ठेवले तर येणारा रोध, हे दोन सारखे आहेत का? सारखे असतील तर अंतर निम्मं करणं आणि दिवे चौपट करणं एकच झालं. एलडीआरचा स्वभाव वाकडा असो की सरळ, फरक पडत नाही, कारण दोन्ही वेळा आपण त्याच आकड्यापाशी उभे असतो.

आणि मीटरच नको असेल तर? कागदाच्या मधोमध गोडेतेलाचा एक थेंब जिरवा. मागे उजेड जास्त असेल तर डाग भोवतालपेक्षा उजळ दिसतो, पुढे जास्त असेल तर काळपट दिसतो. दोन्ही बाजूंचा उजेड सारखा झाला की डाग जवळजवळ नाहीसा होतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन याने १८४० च्या दशकात ही युक्ती वापरली. एका बाजूला एक मेणबत्ती, दुसऱ्या बाजूला चार, आणि कागद पुढेमागे करायचा. डोळा ‘किती उजेड आहे’ हे सांगायला फार कच्चा आहे, पण ‘दोन्ही सारखे आहेत का’ हे सांगायला पक्का.

चिवट चिमणी

मेणबत्त्यांचं चल तर वातीवरच अडेल ना सर? वात लांब झाली की ज्योत मोठी होते.

निवृत्त खडू

अगदी बरोबर बोललात, आणि याच एका गोष्टीने भल्याभल्यांना दमवलं. इंग्लंडात १८६० च्या गॅसच्या कायद्यात उजेडाचं माप म्हणून मेणबत्तीच ठरवली होती. तीही कोणतीही नाही: स्पर्म देवमाशाच्या डोक्यातून काढलेल्या मेणाची, एक षष्ठांश पौंड वजनाची आणि तासाला १२० ग्रेन, म्हणजे सुमारे ७.८ ग्रॅम जळणारी. बघा, त्या लोकांनीही नियंत्रित चलांची यादीच केली होती. तरी वात, वारा आणि हवा यांनी ऐकलं नाही. आज कँडेला हे एकक ज्योतीवर अवलंबून नाही. १९७९ मध्ये त्याची व्याख्या ५४० लाख कोटी हर्ट्झ वारंवारतेच्या, म्हणजे हिरव्या उजेडावर बांधली. नाव मात्र मेणबत्तीचंच राहिलं.

तुमच्या लेकीला हे सांगा. तिचे बल्ब कुरकुर करतायत, तशा अख्ख्या जगाच्या मेणबत्त्याही करत होत्या.

तिसरी घंटा

मी नाटकाच्या प्रकाशयोजनेत आहे, शिवाजी मंदिर ते गडकरी, जिथे प्रयोग लागेल तिथे. शाळेतली मुलं तीव्रता बदलायला हमखास पंख्याच्या रेग्युलेटरसारखा डिमर लावतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो: या कामासाठी डिमर वापरू नका.

साधा हॅलोजन डिमरवर खाली आणला की तो नुसता मंद होत नाही, तांबूस होतो. रंगमंचावर आम्ही हे मुद्दाम वापरतो, संध्याकाळ आपोआप होते. पण प्रयोगात तुम्ही एक गोष्ट बदलायला गेलात आणि दोन बदलल्या. सोल्डरभाऊ सांगतील, एलडीआर कोणत्या रंगाला जास्त जागा असतो.

सोल्डर गन

हिरव्या-पिवळ्याला. साधारण ५४० नॅनोमीटरच्या आसपास. लाल उजेडाला तो बराच बथ्थड. त्यामुळे डिमर खाली आणला तर तीव्रता घटल्यापेक्षा जास्त घटल्यासारखी दिसेल. फारच नेमकं सांगितलंत घंटाभाऊ. याच कारणासाठी चारही बल्ब एकाच प्रकारचे हवेत, एक पांढरा एलईडी आणि तीन पिवळे असं नको.

तिसरी घंटा

आणि टॉर्चही नको. टॉर्चमागे वाटीसारखा आरसा असतो, उजेड झोतात बांधला जातो. त्याचा थ्रो, म्हणजे उजेडाची फेक, वेगळाच. काचेपासून अंतर मोजून चौथाईचा हिशोब लावायला गेलात तर जुळणारच नाही.

गॅलरीतली तुळस

परवापासून घरात दुसरं काहीच चाललेलं नाही. सगळं सांगते.

आधी पुठ्ठा. १०० सेंमीवर थेट उजेड अडवला. पूर्ण अंधारात हाच एलडीआर मेगाओहम (हजार किलोओहम) दाखवतो, इथे आकडा १० किलोओहमला जाऊन थांबला. थेट उजेड असताना ५.३ होता. लेक पुठ्ठा हातात धरून नुसती भिंतींकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आई, म्हणजे मी एवढा वेळ टाइल्स मोजत होते.”

मग शेजारच्या काकूंकडून काळी चादर मागून आणली, माझी दोन काळी पेटीकोटं आणि शाळेच्या प्रदर्शनातून उरलेले काळे कागद. तिन्ही भिंती आणि दार झाकलं. बल्बच्या जवळ कापड येऊ दिलं नाही, तो फार तापतो. फरशीवरही कागद अंथरले, कारण खाली बघितलं तर चकचकीत टाइलमध्ये बल्ब दिसत होता. पुन्हा पुठ्ठा धरला, आता ६० किलोओहम. फ्रिज बंद, दहा मिनिटं बल्ब तापू दिला, दर वेळी ३० सेकंद थांबून आकडा.

२५ सेंमीला १.१, ५० ला २.९, १०० ला ७.४. उलट येतानाही तेच, एकदाच १०० ला ७.२ आला, तो तिने तसाच लिहिलाय. आधी २.४ पट आणि २ पट होतं, आता दोन्ही वेळा २.६ च्या आसपास.

काल रविवारी चार बल्ब. मखराच्या पेटीत होल्डर आणि वायर होतीच, माझ्या दिरांनी जोडणी तपासून दिली. तीन बल्ब नवे आणले. एकेकटा ५० सेंमीवर लावला तर आकडे आले २.९, २.८, २.९, २.८. जुना बल्ब किंचित मंद असेल असं मला वाटलं होतं, काच पुसल्यावर तोही जुळला. चारही पेटवले तेव्हा आम्ही दोघी मीटरवर वाकलो होतो. १.१ आला. एक बल्ब २५ वर ठेवला होता तेव्हाही १.१ च होता. ती ओरडलीच. मग चारही मागे सरकवून १०० वर नेले, २.९ आला. एक बल्ब ५० वर ठेवल्यावर हाच आकडा होता.

आज ती वही घेऊन सरांकडे गेली होती. मी धास्तावले होते. सरांनी सगळं वाचलं, पुठ्ठ्याची गोष्ट दोनदा विचारली आणि स्वतःच्या हाताने ‘रोध’ पुन्हा लिहिला, पुढे ‘(मोजलेला)’ असं जोडून. वर्गातही करून दाखव म्हणालेत.

नियंत्रित चलांचा रकाना तिने पूर्ण बदलला. आता त्यात बल्ब आणि खोली नाही. तिथे आहे: तार ते एलडीआर अंतराची खूण, एलडीआरचं तोंड बल्बकडे, आकडा वाचायची वेळ, बल्बचा प्रकार आणि काचेची सफाई, घरातली इतर यंत्रं बंद. आणि शेजारी तिने एक नवा रकाना आखलाय, ‘स्थिर ठेवता आलं नाही, पण मोजलं’. त्यात भिंतींचा उजेड आहे, आणि दाराच्या फटीतून येणारा लोकलचा उजेड. त्या दोन्हींचे आकडे समोर लिहिलेत.

निवृत्त खडू

ताई, तो शेवटचा रकाना मी उद्यापासून माझ्या मुलांना आखायला लावणार आहे. सरांनाही माझा नमस्कार सांगा. स्वतःच्या हाताने खोडलेलं पुन्हा लिहायला मन मोठं लागतं.

चिवट चिमणी

वाचनखूण साठवली. भाचा आठवीत आहे, पुढच्या वर्षी लागेल.

लाटांवरून

एक राहिलं. ‘एलडीआरचं तोंड बल्बकडे’ हे स्थिर ठेवलंय, पण ते थोडं वळलं तर किती फरक पडतो हे पाहिलंय का? अंतर तेच ठेवून तोंड १०-१० अंशांनी वळवत जायचं, कोनमापक घरात असेलच. तेव्हा कोन हे स्वतंत्र चल होईल आणि अंतर नियंत्रित.

गॅलरीतली तुळस

विचारायला गेले, तर कंपासपेटी घेऊन बाथरूममध्ये आधीच बसली आहे. काकूंची चादर उद्या परत देते म्हणून निरोप पाठवलाय.